टाचणाव्यतिरिक्त एक वही : नव्या शिक्षकांसाठी

गेल्या वर्षभरात आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, चार-पाच नवे शिक्षणसेवक आले. त्यातल्या एकीने शिक्षण परिषदेच्या, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीच्या, चहाच्या सुट्टीत मला विचारलं, "मॅडम, डी.एड.ला शिकलो ते इथे काही कामाला येईना. मग आता शिकायचं कुठून?" मी तिला माझी पिशवी उघडून एक वही दाखवली. तिला वाटलं टाचण वही आहे, रोजच्या पाठांच्या नियोजनाची. ती वेगळीच आहे म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. आणखी एक रजिस्टर!

तिचं चुकलं नव्हतं. हजेरी, टाचण, पोषण आहाराची नोंदवही, आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी, वर ऑनलाइन माहिती भरायची ती वेगळीच. पण ही वही कुणी मागत नाही आणि कुणी तपासत नाही. माझ्या नोकरीची पहिली आठ वर्षं नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात गेली, आता निफाड तालुक्यात आहे. या सगळ्या काळात प्रशिक्षणं पुष्कळ झाली. तरी वर्गात उभं राहायला मला शिकवलं ते बहुतांशी या वहीने. तिला दाखवताना जे बोलले, तेच जरा नीट लावून इथे लिहिते आहे.

काय काय लागेल

- दोनशे पानी, पुठ्ठ्याची, लांबट वही. नाशिकला मेन रोडवर गेलात तर एकदम दोन घ्या, वर्षाला दोन लागतात. सुटे कागद किंवा डायरी नको. डायरीत दिवसाला एकच पान मिळतं, आणि रिकामं राहिलेलं पान डोळ्यांना टोचतं.
- एक पेन, शिवाय मागे वाचताना खुणा करायला एक वेगळ्या रंगाचं.
- वहीच्या मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेलं पाकीट. मुलांच्या चिठ्ठ्या, पाटीवरची गंमत उतरवलेला कागद, चुकलेलं गणित असं सगळं त्यात.
- मोबाइलमधलं आवाज रेकॉर्ड करायचं साधन. ते फोनमध्ये असतंच.
- मुलांच्या नावांऐवजी वापरायच्या खुणांची एक यादी. ती वहीत ठेवायची नाही. का, ते सातव्या पायरीत.

परवानगी कुणाची लागत नाही. मुख्याध्यापकांना तोंडी सांगून ठेवा, म्हणजे तासाला वहीत काही खरडताना दिसलात तर गैरसमज होणार नाही.

१. वेळ आधी ठरवा, मग वही उघडा

"रोज रात्री जेवण झाल्यावर लिहीन" असं ठरवणाऱ्या कुणाचीही वही श्रावणापलीकडे गेलेली मी पाहिली नाही. माझीही पहिल्या वर्षी गेली नाही. रात्री घरचं असतं, आणि झोप तर असतेच असते.

माझी वही चालू राहिली ती एसटीमुळे. पेठहून नाशिकला यायला संध्याकाळची गाडी, खिडकीची जागा मिळाली की पहिली दहा मिनिटं वहीची. सावळघाट लागेपर्यंत लिहून संपवायचं, कारण घाटात अक्षर पार वाकडं होतं. जुन्या वह्यांत अजून दिसतं, कुठल्या दिवशी गाडी उशिरा सुटली आणि नोंद घाटात सापडली.

तुमची शाळा गावातच असेल तर शाळा सुटल्यावर, मुलं दप्तरं भरून निघाली की तिथेच वर्गात दहा मिनिटं बसा. वर्ग रिकामा झाल्यावर पंधरा मिनिटांतच निम्म्या गोष्टी डोक्यातून जातात, हे पहिल्याच आठवड्यात कळेल.

आठवड्याला तीन नोंदी पुरे. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकच्या वर्गांना वर्षाला किमान २०० दिवस शाळा सांगितली आहे. आठवड्याला तीन धरल्या तर शंभरावर नोंदी होतात. तेवढ्या फार झाल्या.

२. पहिले पंधरा दिवस स्वतःबद्दल काही लिहू नका

हे विचित्र वाटेल. वही स्वतःच्या वाढीसाठी म्हणायची आणि स्वतःबद्दल लिहायचं नाही! पण नवा शिक्षक स्वतःबद्दल लिहायला बसला की दोनच गोष्टी लिहितो. एक, "आज तास छान झाला." दोन, "आज मला काहीच जमलं नाही." दोन्हींतून दुसऱ्या दिवशी काय करायचं ते कळत नाही.

म्हणून पंधरा दिवस फक्त मुलांबद्दल लिहा. रोज एक मूल, एक प्रसंग, पाच-सहा ओळी. तो काय म्हणाला, तिने पाटीवर काय लिहिलं, कुणाकडे बघून लिहिलं, हात कधी वर गेला आणि कधी खाली आला. "हुशार", "मठ्ठ", "लक्ष नाही", "घरची परिस्थिती" हे शब्द या पंधरा दिवसांत बंद. तसा शब्द सुचला की थांबा आणि स्वतःला विचारा, मी असं काय पाहिलं म्हणून मला हा शब्द सुचला? जे पाहिलं ते लिहा.

वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तकं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. "परिसरातील घटकांविषयी जिज्ञासा दाखवतो" वगैरे. चाळीस मुलांच्या नोंदी एका बैठकीत उतरवल्या की हाताला तीच भाषा लागते आणि मग ती सुटता सुटत नाही. हे पंधरा दिवस म्हणजे हात धुऊन घेणं समजा.

३. नोंद कशी लिहायची

इथे जरा थांबते, कारण सगळं यावरच आहे.

माझ्या वहीतली पहिल्या वर्षीची एक नोंद अशी आहे: "वजाबाकी घेतली. हातच्याची. मुलांना नीट समजली नाही. पुन्हा घ्यावी लागेल." यातून मला काय मिळालं? काही नाही. पुन्हा घेतली, तशीच घेतली, आणि पुन्हा समजली नाही.

तीन वर्षांनंतरची, त्याच पाठाची नोंद:

"तिसरी. फळ्यावर ५२ − २७. २३ पैकी १४ जणांनी ३५ लिहिलं. क३ ला विचारलं, कसं केलंस? म्हणाला, 'सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.' म्हणजे वरचं-खालचं असं काही त्याच्या लेखी नाहीच, मोठ्यातून लहान वजा करायचा एवढंच. म्हटलं, दोनातून सात का नाही? 'दोनातून सात जात नाहीत ना बाई.' बरोबरच आहे त्याचं! मीच पहिलीत-दुसरीत हे शंभरदा सांगितलं असेल. क९ ने २५ लिहिलं पण मांडणी नाही. विचारलं तर खाली बघते. मग म्हटलं, बाजारात कुणी ५२ रुपये दिले, २७ ची भाजी घेतली, तर परत किती? लगेच बोटांवर: 'तीन दिले की तीस. वीस दिले की पन्नास. वर दोन. पंचवीस.' आईबरोबर बाजाराच्या दिवशी भाजीला बसते. उद्या: फळ्यावरची मांडणी बंद. क९ च्या रीतीने सगळ्यांकडून तोंडी. नंतर काड्यांचे गठ्ठे, दहाचा गठ्ठा सोडून सुटे करणं."

ही नोंद लिहायला बारा-तेरा मिनिटं लागली असतील. त्यात चार गोष्टी आहेत. काय दिलं, किती जणांनी काय केलं, मुलांचे स्वतःचे शब्द, आणि उद्या काय बदलणार. या चारांतलं काही गळलं तरी चालेल, पण मुलांचे शब्द गाळू नका. "त्याची संकल्पना स्पष्ट नव्हती" असं लिहिलं असतं तर मला उपाय सापडला नसता. "दोनातून सात जात नाहीत ना बाई" हे वाक्य जसंच्या तसं कागदावर आलं तेव्हा चूक कुठून आली ते दिसलं. ती चूक माझ्याच तोंडून गेली होती.

"उद्या" या शब्दाने सुरू होणारी ओळ प्रत्येक नोंदीच्या शेवटी असलीच पाहिजे, आणि ती करता येण्याजोगी असली पाहिजे. "उद्या मुलांना प्रोत्साहन देईन" ही ओळ नव्हे. "उद्या क३ ला पहिल्या रांगेतून उठवून क९ शेजारी बसवीन" ही ओळ.

जाता जाता एक. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला जोडीने "वीस एक" अशी वाचनाची रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला, टिंगल झाली. मराठीच्या बाजूने मीही तणतणले. घरी येऊन जुन्या वह्या काढल्या तर "बावन्न" ऐकून २५ लिहिणाऱ्या मुलांच्या नोंदी तीन वेगवेगळ्या वर्षांत सापडल्या. आपल्या संख्यानामांत एकक आधी उच्चारला जातो, मूल कानाने ऐकतं त्याच क्रमाने लिहितं. माझं मत पूर्ण फिरलं असं नाही, पण तणतणणं थांबलं.

४. स्वतःचा आवाज ऐका

महिनाभर मुलांच्या नोंदी झाल्या की आता स्वतःकडे वळा. फोन खिशात किंवा टेबलावर ठेवून एका तासाचा आवाज रेकॉर्ड करा. व्हिडिओ नको, आवाज पुरे. घरी एकट्याने ऐका. पहिल्यांदा स्वतःचाच आवाज नको वाटतो, आणि "ए गप्प बसा रे" किती वेळा येतं ते मोजवत नाही. ते सोडून द्या. एकच गोष्ट मोजा: तुम्ही प्रश्न विचारल्यापासून पुढचा शब्द तुमच्याच तोंडून निघेपर्यंत किती सेकंद गेले?

अमेरिकेत मेरी बड रो या संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांच्या अशाच ध्वनिफिती ऐकून हे मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखादाच सेकंद थांबत होते. तो वेळ तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरं लांबली, "माहीत नाही" कमी झालं, आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली.

मी माझा तास ऐकला तेव्हा मला तर एक सेकंदही सापडेना. प्रश्न संपायच्या आत मीच उत्तराचं पहिलं अक्षर देत होते. "पावसाचं पाणी जमिनीत मुर...?" आणि सगळा वर्ग, "...तं!" मला वाटत होतं वर्ग किती छान प्रतिसाद देतो.

तीन सेकंद गप्प राहणं वाटतं तेवढं सोपं नाही. मी मनात "एक काडी, दोन काड्या, तीन काड्या" म्हणायचे. पहिले आठ दिवस मुलंच गोंधळली. एकाने तर विचारलं, "बाई, विसरल्या का?"

पंधरवड्याला एक रेकॉर्डिंग बस झालं. ऐकून झालं, नोंद केली, की फोनमधून पुसून टाका. ते कुणाला पाठवायचं नाही, "बघा माझा वर्ग कसा बोलतो" म्हणून केंद्राच्या ग्रुपवर तर नाहीच नाही.

५. महिन्यातून एकदा मागे वाचा

हीच पायरी लोक गाळतात. लिहून वही मिटली की काम झालं असं वाटतं. अमावस्या असो की महिन्याचा शेवटचा शनिवार, एक दिवस ठरवा आणि महिन्याची पानं वेगळ्या रंगाचं पेन घेऊन वाचा. दोनच खुणा करा. जे पुन्हा पुन्हा आलं आहे त्याला गोल. ज्या मुलाचं नाव महिनाभरात एकदाही आलं नाही, त्याची खूण समासात.

ही दुसरी खूण पहिल्यांदा केली तेव्हा धक्का बसला होता. २३ पैकी ९ मुलं माझ्या वहीत महिनाभर आलीच नव्हती. खोडकर आली होती, चुणचुणीत आली होती. मधली सगळी गायब. दुसऱ्या महिन्यात मी आधी त्या नऊ जणांवर लिहायला सुरुवात केली.

आणि गोल. पेठला मला वाटायचं, पालकांना शाळेची किंमत नाही, म्हणून हजेरी पडते. वही वेगळंच सांगत होती. जुलैत "आज आवणी, ११ जण" अशा नोंदी एकापाठोपाठ होत्या. भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, लागली की धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली घरी. मग ऑगस्ट-सप्टेंबरला हजेरी भरलेली. दसरा-दिवाळीनंतर पुन्हा गळती, कारण द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी. घरंच्या घरं दिंडोरी-निफाडकडे कामाला उतरतात, लहान मुलं सोबत. माल निघेपर्यंत काही तिकडेच. होळीला मात्र झाडून सगळे गावात, होळी चुकवायची नाही.

हजेरीपटात हेच आकडे होते. पण हजेरीपटात "गैरहजर" एवढंच असतं, कारण नसतं. तीन वर्षांच्या वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा वर्षाचं नियोजनच बदललं. हातच्याची वजाबाकी, जोडाक्षरं, जे पुढच्या सगळ्याला लागतं, ते मी भर पावसाळा ओसरल्यापासून दिवाळीपर्यंतच्या काळात ओढून घेतलं. आवणीच्या दिवसांत नवीन काही नाही, गोष्टी, गाणी, चित्रं, आणि सोबत आणलेलं धाकटं भावंड असेल तर तेही बसू दे.

६. एक प्रश्न धरा आणि तोच धरून ठेवा

चार-सहा महिन्यांनी गोल केलेल्या गोष्टींतून एक प्रश्न वर येतो. तो लहान हवा. "मुलांची गुणवत्ता कशी वाढवावी" हा प्रश्न मंत्रालयाचा आहे, तुमचा नाही. "दुसरीतली सहा मुलं काना वाचतात पण लिहिताना गाळतात, का?" हा तुमचा.

यालाच पुढे कृतिसंशोधन म्हणतात. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली कृतिसंशोधनावर लिहिलं तेव्हा सांगितलेली गोष्ट साधी होती: ठरवा, करून बघा, काय झालं ते तपासा, त्यावरून पुढचं ठरवा. आपल्याकडे त्याला शीर्षक, गरज, उद्दिष्टं, परिकल्पना, कार्यवाही, निष्कर्ष असे कप्पे मिळाले आणि लोक कप्पेच भरायला लागले.

- पाच ते आठ आठवडे पुरतील एवढाच प्रश्न घ्या.
- सुरू करायच्या आधीची स्थिती मोजून ठेवा. सहा मुलांकडून तेच दहा शब्द लिहून घ्या, कागद पाकिटात टाका.
- एका वेळी एकच बदल. बैठक बदलली, साहित्य बदललं, गृहपाठही बदलला, तर गुण कशाने आला ते कळायचं नाही.
- शेवटी तेच दहा शब्द पुन्हा. फरक पडला नाही तर तसं लिहा.

सापळा सांगते. तयार कृतिसंशोधन विकत मिळतं. फाइल, आलेख, आभारपत्रिकेसकट. "परिकल्पना सिद्ध झाली" असं शेवटी लिहिलेलं असतंच. त्या फाइलींत कधीही कुणाची परिकल्पना चुकत नाही. माझी सहापैकी चार चुकली, आणि जे थोडंफार कळलं ते त्या चारांतूनच.

७. नावं लिहू नका

हे मी चूक करून शिकले, म्हणून तुम्हाला आधीच सांगते.

दुसऱ्या वर्षी एका चिडक्या दुपारी मी वहीत एका मुलाचं नाव घालून लिहिलं, "याला काही येणार नाही. बाप पितो, पोरगं मार खातं, शाळेत येऊन झोपतं." वही टेबलावर राहिली आणि मी पोषण आहाराचं वाटप बघायला बाहेर गेले. परत आले तर चौथीतली त्याची बहीण टेबलापाशी उभी होती. मीच तिला वाचायला शिकवलं होतं. ती काही बोलली नाही. वही मिटवून, नीट सरळ करून ठेवली आणि जाऊन बसली. भावाला तिने सांगितलं की नाही ते मला कधी कळलं नाही. त्या वर्षात ती माझ्याशी पूर्वीसारखी बोलली नाही.

तेव्हापासून नावाऐवजी खूण. क१, क२ अशी, आणि यादी घरी. पालकांविषयी ऐकीव काही लिहायचं नाही. सहकाऱ्यांविषयी तर अजिबात नाही. मनात खदखद असेल तर ती सुट्या कागदावर लिहा आणि फाडून टाका, त्याचाही उपयोग होतो.

फोटोंचं तेच. मुलाच्या वहीचं पान दाखवायचं असेल तर नावावर अंगठा ठेवून फोटो काढा. चेहऱ्याचा फोटो पालकांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. आणि कायदा नसता तरी, आपल्या पोराचा "अप्रगत" म्हणून फिरलेला फोटो आपल्याला चालला असता का?

एखाद्या नोंदीत मुलाला मारहाण होत असल्याचं किंवा आणखी काही गंभीर दिसलं, तर ती गोष्ट वहीत ठेवायची नसते. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगा. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक वर्गाच्या दाराशी लिहिलेला असू द्या.

८. एक जोडीदार शोधा

एकट्याने लिहिताना सहा महिन्यांनी स्वतःच्याच चुका दिसेनाशा होतात. एक माणूस हवा. आपल्याच शाळेतला नसला तर उत्तम. माझे जोडीदार शेजारच्या केंद्रातले एक सर होते, गाडीत भेटलेले. ते वीस वर्षांनी मोठे. ते पहिल्यांदा माझी वही वाचून म्हणाले, "मॅडम, तुमच्या वहीत पोरी बोलतच नाहीत." मी पानं उलटून पाहिली. तीन आठवड्यांत मुलींचं एकही वाक्य नव्हतं.

जोडीदाराशी करार एवढाच: महिन्यातून एकदा, एकमेकांची एकच नोंद वाचायची. सल्ला द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे. "मग तो काय म्हणाला?" "त्या वेळी बाकीचे काय करत होते?" सल्ल्याची सवय आपल्याला भारी, शिक्षक ना आपण! सरांना पहिल्या दोन भेटींत जिभेला आवर घालताना मी पाहिलं आहे.

पुढे धीर आला की शिक्षण परिषदेत मांडा. केंद्रप्रमुखांना आधी भेटून दहा मिनिटं मागून घ्या. यशोगाथा मांडू नका, त्या सगळेच मांडतात आणि कुणी ऐकत नाही, मागच्या बाकांवर फोन निघतात. फसलेली नोंद मांडा. मी पहिल्यांदा ते ३५ वालं गणित फळ्यावर लिहिलं आणि म्हटलं, माझ्या वर्गात १४ जणांनी असं केलं. सभागृहात कुणी हसलं नाही. एक गुरुजी म्हणाले, "आमच्यात तर सतरा." आणि मग सुट्टी होईपर्यंत तेच चाललं.

९. प्रशिक्षणं आणि वाचन वहीला जोडा

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, तेही आपल्या आवडीनुसार, असं म्हटलं आहे. आवडीनुसार हा शब्द महत्त्वाचा. दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावर अभ्यासक्रम आहेत, निष्ठा या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाचे आहेत, काही खरोखर चांगले आहेत. पण आपण काय करतो? व्हिडिओ पुढे ढकलतो, प्रश्नमंजुषेची उत्तरं ग्रुपवर येतात, प्रमाणपत्र उतरवून घेतो. मीही केलं आहे. ते प्रमाणपत्र कशाचं होतं हे आज विचारलंत तर सांगता येणार नाही.

आता एवढंच करते: प्रशिक्षणाला जाताना वहीतला एक प्रश्न घेऊन जाते. पायाभूत वाचनाचं प्रशिक्षण असेल तर माझी काना गाळणारी सहा मुलं डोक्यात असतात. दिवसभरात त्या सहांपैकी एकासाठी काही मिळालं तर त्या दिवसाची नोंद होते. नाही मिळालं तर "काही नाही" असं लिहिते.

वाचनासाठी नाशिकमध्ये राहणाऱ्यांना सार्वजनिक वाचनालय आहे, १८४० पासूनचं. आठवड्याच्या बाजाराला येणार असाल तर तिथे डोकावा. शिक्षणावरच वाचायला हवं असं नाही. मुलांचं बोलणं जसंच्या तसं कसं उतरवायचं ते मला शिक्षणशास्त्रापेक्षा कथांनी जास्त शिकवलं. सेवेत राहून बी.एड. करायचं असेल तर मुक्त विद्यापीठ आपल्याच गावी, गंगापूर धरणाच्या वाटेवर आहे. तेव्हाही या वह्या उपयोगी पडतात, निबंधांना दुसऱ्यांची उदाहरणं शोधावी लागत नाहीत.

१०. मागची चार पानं शब्दांसाठी ठेवा

ही सवय मला कुणी सांगितली नव्हती, आपोआप लागली. पेठला मुलं घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलायची. पुस्तकातला शब्द त्यांना परका, त्यांचा मला. म्हणून कानावर आलेला शब्द मागच्या पानांवर लिहून ठेवायचे, कुणी, कशाबद्दल म्हटला ते सोबत.

निफाडला बदली झाली तेव्हा वाटलं, ती पानं आता संपली. पहिल्याच वर्षी जानेवारीत द्राक्षाच्या कामाला आलेल्या एका कुटुंबातला मुलगा वर्गात आला. तीन दिवस तोंडातून शब्द नाही. वर्गातल्या पोरांनी त्याला मुकं ठरवून टाकलं. चौथ्या दिवशी चित्राचं पान समोर होतं, आजी चुलीपाशी बसलेली. मी म्हटलं, "ही डोकरी काय करते रे?" आपल्याकडे तो शब्द उर्मट वाटतो, मागून एक-दोघं फिसकन हसलेही. त्याने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि चुलीवर काय शिजतंय इथपासून त्याच्या आजीच्या कोंबड्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं. सहा ओळींची ती नोंद आहे, आणि निम्मे शब्द मला तेव्हाही कळले नव्हते. ते तसेच लिहून ठेवले.

वह्या जपण्याबद्दल

वर्ष संपलं की वहीवर साल आणि इयत्ता लिहा, शेवटच्या पानावर पुढच्या वर्षासाठी तीन ओळी. पत्र्याच्या पेटीत ठेवा, डांबराच्या गोळ्या टाका. शाळेच्या कपाटात ठेवू नका. माझी पेठची दुसऱ्या वर्षाची वही तिथेच राहिली होती. एका पावसाळ्यात भिंतीने ओल धरली, आणि जूनमध्ये कपाट उघडलं तेव्हा पानं एकमेकांना अशी चिकटलेली की सुटी करताना शाईच हाताला आली.

ती टेबलावर राहिलेली नोंद त्याच वहीत होती.